सिमेंटमधली राख आणि चौदा दिवसांचं पाणी



मागच्या महिन्यात आमच्या गावातल्या गटाच्या बैठकीत बचतीचा हिशोब बाजूलाच राहिला आणि सिमेंटवरून वाद पेटला. एका ताईचं घरकुल मंजूर झालंय. पाया झाला, जोत्यापर्यंत काम आलं. तिनं दुकानातून सिमेंट आणलं आणि तिच्या दिरानं पोत्यावरचं वाचून सांगितलं, "वहिनी, फसवलं तुम्हाला. ह्यात राख मिसळलीय. इथं छापलंयच की!" ताई तिथून तडक बैठकीला आली. म्हणाली, दुधात पाणी घालतात तशी ही सिमेंटमधली भेसळ, पोती परत करायची, तुम्ही सगळ्या चला माझ्याबरोबर.

आम्ही गेलो नाही, कारण तिला कुणी फसवलं नव्हतं. पण "भेसळ नाही" एवढं सांगून तिचं समाधान होईना, आणि ते बरोबरच आहे. आयुष्यात एकदा घर बांधायचं, तर त्यात काय चाललंय ते कळायलाच हवं. म्हणून हा पाठ. थोडा लांब आहे, गटात दोन बैठकांत वाचलात तरी चालेल.

राख येते कुठून?

आपल्याकडे चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, पारस, भुसावळ, परळी, नाशिकजवळ एकलहरे इथं कोळशावर वीज तयार करतात. आपल्या देशातल्या कोळशात राखेचा अंश फार. शंभर किलो कोळसा जाळला की साधारण ३० ते ४० किलो राख उरते. कोळसा तिथं पिठासारखा दळून भट्टीत फुंकतात. जड राख खाली पडते, आणि बारीक राख धुराबरोबर वर चिमणीकडे निघते. ती हवेत जाऊ नये म्हणून वाटेत यंत्रं लावून पकडतात. या उडणाऱ्या राखेलाच फ्लाय ॲश म्हणतात. सिमेंटला लागते ती हीच. खाली पडलेली किंवा पाण्यात मिसळून तळ्यात सोडलेली राख त्या कामाची नाही.

ही राख काही गुणाचीच आहे असं मी म्हणत नाही. राखेच्या तळ्याशेजारच्या गावातल्या बायकांना विचारा, वाळत घातलेल्या कपड्यांवर, पिकांवर काय बसतं ते. उघड्यावर पडलेली राख त्रासच आहे. ती सिमेंटमध्ये गेली की त्रास कमी होतो आणि घराला बळ मिळतं. कसं, ते बघू.

सिमेंट वाळत नाही, शिजतं म्हणा

आपल्याला वाटतं सिमेंट वाळून घट्ट होतं. चिखलासारखं. तसं नाही. चिखल वाळतो, पुन्हा पाणी पडलं की विरघळतो. सिमेंट एकदा घट्ट झालं की पाण्यात ठेवलं तरी विरघळत नाही, कारण सिमेंट आणि पाणी मिळून एक नवाच पदार्थ तयार झालेला असतो. एक चिवट डिंक म्हणा. तो वाळूला, खडीला, सळईला धरून ठेवतो. हा डिंक तयार व्हायला पाणी लागतं, आणि दिवस लागतात.

पण डिंकाबरोबर आणखी एक गोष्ट तयार होते. ती म्हणजे चुना. तोच, पानाला लावतो त्या जातीचा. घट्ट झालेल्या सिमेंटमध्ये जवळजवळ पाव हिस्सा हा चुना असतो. त्याला बळ फार नसतं. शिवाय पाण्यात थोडा थोडा विरघळतो. नव्या भिंतीवर, टाकीच्या बाहेरच्या अंगाला पांढरे ओघळ आलेले तुम्ही पाहिले असतील, त्यात बऱ्याचदा हाच चुना असतो. तो बाहेर पडला की आत बारीक भोकं राहतात. भोकातून पाणी शिरतं, पाणी सळईपर्यंत जातं, सळई गंजते, गंजलेली सळई फुगते, आणि एके दिवशी स्लॅबचा पापुद्रा खाली पडतो. झोपलेल्या लेकराच्या अंगावर पडायलाही वेळ लागत नाही.

आता राखेचं काम इथं सुरू होतं. नुसत्या राखेत पाणी घातलं तर काही होत नाही, ती राखच राहते. पण राखेला चुना आणि पाणी दोन्ही मिळालं, की तिच्यातली सिलिका चुन्याशी जुळते आणि तोच डिंक तयार होतो. म्हणजे जो चुना सिमेंटमध्ये नुसता पडून राहणार होता, वाहून जाणार होता, तो राख खाते आणि त्याचा डिंक करते. भोकं बुजतात. काँक्रीट आतून घट्ट होतं.

आणखी एक फायदा आहे. दुर्बिणीखाली पाहिली तर या राखेचे कण मोहरीसारखे गोल दिसतात, बहुतेक केसाच्या जाडीपेक्षाही लहान. गोल कण मसाल्यात घरंगळतात, त्यामुळे माल कालवायला आणि भरायला हलका होतो, पाणी थोडं कमी लागतं. जास्त पाणी हा काँक्रीटचा मोठा शत्रू आहे, त्याबद्दल पुढे बोलूच.

चिक्की आणि खडीसाखर

"राखच हवी ना, मग चुलीतली घालू!" असं कुणीतरी म्हणणारच. आमच्या बैठकीतही म्हणालं. ते करू नका. का, ते घरातल्याच उदाहरणानं सांगते.

पाक झटकन गार केला की चिक्कीसारखा काचेगत होतो. तोच पाक सावकाश, दिवसचे दिवस ठेवला की खडीसाखरेचे खडे जमतात. साखर तीच, पण आतली बांधणी वेगळी. वीज केंद्राच्या भट्टीत राखेचे कण वितळतात आणि धुराबरोबर वर जाताना झटकन गार होतात, म्हणून ते काचेसारखे बनतात. काचेसारखी सिलिकाच चुन्याशी पटकन जुळते. खड्यासारखी जुळत नाही. वाळूतही सिलिका भरपूर आहे, पण वाळू चुना खात नाही, ती या कारणानं.

चुलीतल्या लाकडाच्या राखेत तर सिलिका कमीच आणि क्षार जास्त. म्हणून तर पूर्वी राखेच्या पाण्यानं कपडे, भांडी निघायची. हे क्षार काँक्रीटला बाधतात. भाताच्या तुसाच्या राखेत मात्र सिलिका पुष्कळ असते. गोंदिया-भंडाऱ्याकडच्या मैत्रिणी हे वाचून सरसावल्या असतील. पण तूस ठरावीक उष्णतेतच जाळावं लागतं, मग दळावं लागतं. उघड्यावर पेटवलेल्या ढिगाची काळी राख चालत नाही.

चिक्कीचीच गोष्ट पोलादाच्या कारखान्यातही घडते. लोखंड वितळवताना वर मळी येते, जशी गुळाच्या कढईवर येते. तिला स्लॅग म्हणतात. ती तापलेली मळी सावकाश गार होऊ दिली तर दगड होतो, रस्त्याच्या खडीत जातो. तिच्यावर जोरात पाण्याचा मारा केला तर वाळूसारखे काचेचे कण होतात. ते दळले की स्लॅग सिमेंटमध्ये वापरता येतात. शेजारी छत्तीसगडमध्ये भिलाईला पोलादाचा मोठा कारखाना आहे, तिथं अशी मळी निघते. स्लॅगचं सिमेंट समुद्राकाठी चांगलं, कारण त्यातली भोकं फार बारीक राहतात आणि खाऱ्या हवेतलं मीठ सळईपर्यंत सहज पोचत नाही. कोकणातल्या मैत्रिणींनी दुकानात विचारून पाहावं.

आजीच्या वेळचा सुरखीचा चुना

हे काही आजचं शोधून काढलेलं नाही. इटलीत नेपल्सजवळ पोझ्झुओली नावाचं गाव आहे. तिथली ज्वालामुखीची राख रोमन लोक चुन्यात मिसळायचे. त्या गावावरूनच अशा मालाला पोझोलाना म्हणतात. रोममधलं पँथिऑन हे देऊळ सुमारे १९०० वर्षांपूर्वीचं, त्याचा घुमट ४३ मीटर रुंद, आत एक सळई नाही, आणि तो अजून उभा आहे.

आणि आपल्याकडे? भाजलेल्या विटा कुटून त्याची भुकटी चुन्यात घालायचे, ती सुरखी. बैल गोल फिरायचा, दगडी चाक चुन्याच्या घाणीत फिरायचं आणि चुना दळला जायचा. जुन्या किल्ल्याजवळ, देवळाजवळ अशा घाणीचा गोल चर आणि ते दगडी चाक अजून पाहायला मिळतं. सुरखी करायची तेच काम आज राख करते. त्या काळी कुणी सुरखीला भेसळ म्हटलं नाही.

पोतं वाचायला शिका

पोत्यावर तुम्हाला प्रामुख्याने तीनपैकी एक नाव दिसेल. ओ.पी.सी., म्हणजे साधं पोर्टलँड सिमेंट, त्यावर ४३ किंवा ५३ आकडा असतो. पी.पी.सी., म्हणजे पोर्टलँड पोझोलाना सिमेंट, हे राखेचं. आणि पी.एस.सी., स्लॅगचं. पी.पी.सी.वर आय.एस. १४८९ हा मानकाचा क्रमांक आणि आय.एस.आय.चं चिन्ह असतं. त्या मानकाप्रमाणे राख १५ ते ३५ टक्के असू शकते. स्लॅगच्या सिमेंटमध्ये मळी २५ ते ७० टक्क्यांपर्यंत चालते. खेड्यातल्या दुकानात आज बहुतेक पी.पी.सी.च मिळतं. म्हणजे तुमच्यापैकी पुष्कळ जणींच्या घरात राख आधीच आहे, तुम्हाला ठाऊक नव्हतं इतकंच.

पोत्यावर तयार केल्याचा आठवडा आणि वर्षही छापलेलं असतं. तीन महिन्यांहून जुनं पोतं घेऊ नका. घरी ठेवताना फळ्यांवर ठेवा, भिंतीला टेकवू नका.

कारखान्यातली राख तपासलेली, दळलेली, मोजून घातलेली असते. कुणी मिस्त्री म्हणाला, "मी स्वस्तात राख आणतो, पोत्यामागे दोन घमेली टाकू," तर त्याला नाही म्हणा. चुना सिमेंटमधून ठरावीकच निघतो. पी.पी.सी.तली राख तो खाऊन टाकते. वरून आणखी राख घातली तर तिला खायला चुनाच उरत नाही, ती नुसती राखच राहते. ती मात्र खरी भेसळ.

आता मुद्द्याचं: पाणी

राखेचं काम उशिरा सुरू होतं. आधी सिमेंटनं चुना सोडायचा, मग राखेनं तो खायचा. साधं सिमेंट पहिल्या आठवड्यात झपाट्यानं घट्ट होतं. राखेचं सिमेंट मागून येतं, पण पुढचे कितीतरी महिने बळ धरत राहतं. मानकात पी.पी.सी.साठी किमान बळ लिहिलेलं आहे. तीन दिवसांनी एका चौरस सेंटिमीटरवर, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर, साधारण १६० किलोचं वजन त्यानं पेललं पाहिजे. सात दिवसांनी २२० किलो. अठ्ठावीस दिवसांनी ३३० किलो. ५३ नंबरच्या साध्या सिमेंटला तिसऱ्या दिवशीच २७० किलो लागतं. बघा, तिसऱ्या दिवशी राखेचं सिमेंट स्वतःच्या निम्म्या ताकदीलाही पोचलेलं नसतं. आणि नेमकं त्याच दिवशी आपल्याकडे पाणी मारणं बंद होतं.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. माझ्या घरापुढच्या ओट्याचा कोबा मे महिन्यात केला. गवंडी म्हणाला, तीन दिवस पाणी मारा, बास. हापशाला रांग होती, माहेरी लग्न होतं, मी दोनच दिवस मारलं आणि निघून गेले. परत आले तर ओट्यावर बारीक तड्यांचं जाळं. आजही झाडू मारला की पिठासारखी भुकटी निघते. रोज निघते. सिमेंट चांगलं होतं, पैसे पुरे दिले होते. राखेनं कामाला हात घातला तेव्हा तिथं पाणीच नव्हतं.

बांधकामाचे नियम ज्या आय.एस. ४५६ मध्ये आहेत, त्यात साध्या सिमेंटला कमीत कमी ७ दिवस आणि राखेच्या किंवा स्लॅगच्या सिमेंटला कमीत कमी १० दिवस पृष्ठभाग सतत ओला ठेवायला सांगितलंय, आणि ते १४ दिवसांपर्यंत वाढवावं अशी शिफारस आहे. आपल्या उन्हात १४ च धरा. सतत म्हणजे सतत. सकाळी एक बादली फेकली, दुपारी सुकून पांढरं पडलं, संध्याकाळी पुन्हा फेकली, याला ओलं ठेवणं म्हणत नाहीत.

मला ठाऊक आहे, हे पाणी कोण आणणार. स्लॅब गवंडी टाकतो, पाणी बाई मारते. डोक्यावरून आणून. म्हणून कमी पाण्यात जास्त ओल कशी राहील ते बघायचं. स्लॅब घट्ट झाला की दुसऱ्या दिवशी त्यावर भाजीच्या वाफ्यांसारखे छोटे वाफे बांधा आणि त्यात दोन बोटं पाणी साठवा. शिंपण्यापेक्षा हे कितीतरी बरं. कॉलमला ओलं गोणपाट गुंडाळा आणि वरून जुना प्लास्टिकचा कागद बांधा, एकदा भिजवलं की दिवसभर ओल धरतं. कोब्यावर, ओट्यावर भाताचा पेंढा किंवा गोणपाट अंथरा. पाणी स्वच्छ हवं, साबणाचं किंवा खारं नको. आणि काम काढतानाच विचार करा, चौदा दिवस पाणी मिळेल असा महिना कुठला? एप्रिल-मे मध्ये टँकर येणाऱ्या गावात स्लॅब टाकणं म्हणजे पैसे उन्हात वाळत घालणं.

सेंट्रिंगचंही तसंच. साध्या सिमेंटच्या साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवसांनी काढता येतात, बीमचे चौदा दिवसांनी. राखेचं सिमेंट असेल तर आणखी थांबायचं, आणि थंडीच्या दिवसांत तर नक्कीच, कारण थंडीत ते आणखी सावकाश घट्ट होतं. सेंट्रिंगवाला भाड्यासाठी घाई करतो, आपल्याला हप्त्याच्या फोटोची घाई असते. टेकू लवकर निघाला तर वाकलेला स्लॅब पुन्हा सरळ होत नाही. किती दिवस थांबायचं ते आपल्या बांधकामावर येणाऱ्या इंजिनिअरला विचारून घ्या आणि भिंतीवर तारीख लिहून ठेवा.

माल कालवतानाही उभ्या राहा. स्लॅबच्या काँक्रीटला ५० किलोच्या एका पोत्यामागे ३० लिटरच्या वर पाणी नको, आणि ओल्या वाळूतलं पाणीही त्यातच धरायचं. पातळ माल ओतायला सोपा म्हणून पाइप सोडून देतात. ते जादा पाणी उडून जातं आणि त्याच्या जागी भोकं राहतात. मग राख तरी किती बुजवणार?

गटासाठी धंदा होईल का?

होतो. विशाखापट्टणमच्या डॉ. एन. भानुमतीदास आणि एन. कालिदास यांनी राख, चुना आणि जिप्सम मिळून वीट करायची पद्धत पुढे आणली, तिला फाल-जी म्हणतात. या विटेला भट्टी लागत नाही, मातीही लागत नाही. ती पाण्यावरच पक्की होते. पण उतरण्याआधी तीन गोष्टी बघा. राख किती लांबून आणावी लागते, कारण वाहतुकीतच नफा जातो. विटा भिजवायला रोजचं पाणी आहे का. आणि पहिल्या लॉटची तपासणी कुठं होईल. कोरडी राख आणि सिमेंट हाताळताना नाकाला ओला रुमाल किंवा मास्क, हातात रबरी मोजे पाहिजेतच. सिमेंटमधला चुना कातडी खातो, बोटांच्या बेचक्यात पडलेल्या जखमा महिना महिना भरत नाहीत.

घरचा अभ्यास

पुढच्या बैठकीआधी हे करून बघा. एक वाटी पी.पी.सी., तीन वाट्या चाळलेली वाळू, जेमतेम वळेल एवढं पाणी. हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधून सारखे चार लाडू वळा. एक रात्र ओल्या फडक्याखाली राहू द्या. दुसऱ्या दिवशी दोन लाडू पाण्याच्या बादलीत टाका, दोन उन्हात ठेवा. बादलीवर लेकरांचा हात पोचणार नाही असं बघा. सातव्या दिवशी दोन्हींतला एकेक लाडू काढून हातोडीनं फोडा, किती घाव लागले ते वहीत लिहा. उरलेले दोन अठ्ठाविसाव्या दिवशी, बैठकीत सगळ्यांसमोर फोडा. घरकुलवाल्या ताईनं तिचे लाडू कालच वळलेत. दिरालाही बोलावणार आहे म्हणाली.